विमलताईच्या लग्नातलं ताक

आमच्या घरी उन्हाळ्यात हात धुण्यालाही मानपान होता. शिमगा सरला की पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात पाण्याची बोंब सुरू व्हायची. नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा काढायचा, त्यात पाझरणारं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं, आणि एक हंडा भरेस्तोवर बायकांनी गावातल्या झाडून सगळ्या सुनांची उणीदुणी काढून संपवायची. असं आणलेलं पाणी कुणी घळाघळा हातावर ओतून घेतलं तर आमची आई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. म्हणून संध्याकाळी शेतात राब, म्हणजे वाळका पालापाचोळा, भाजून सगळी माणसं काळीठिक्कर होऊन परतली की पडवीत एक पितळी परात मांडली जायची आणि तिच्यात मोजून दोन तांबे पाणी. पाहुणा असला तर पहिले हात त्याचे. नसला तर आबांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे. मग अण्णाचे, माझ्या थोरल्या भावाचे. मग थोरली बहीण विमलताई, मी, वहिनी, आणि सगळ्यात शेवटी आई. तोवर ते पाणी चहासारखं झालेलं असे. आई त्यात हात बुडवायची, झटकायची, पदराला पुसायची आणि चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसायची. घरातल्या सगळ्यांच्या हातांचा मळ शेवटी जिच्या हाताला लागायचा, तीच आमचं जेवण करायची. आज लिहिताना किळस येते, पण तेव्हा ती आमच्या घराची शिस्त होती आणि आम्हाला तिचा अभिमान होता. उरलेलं पाणी दारातल्या शेवग्याला जायचं.

जेवण म्हणजे नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, बाजाराचा दिवस असला तर सुकटीची चटणी. उन्हाळ्यात आमची म्हैस आटलेली असायची, त्यामुळे ताक यायचं वरच्या धनगरवाडीवरून, ठकूमावशीचं. सकाळी ऊन तापायच्या आत ती डोक्यावर दोन मडकी घेऊन डोंगर उतरायची. गावाच्या वेशीपासूनच तिची हाक ऐकू यायची, "ताक गोऽऽ ताऽऽक!" उंच, काटक बाई, हातभर काकणं आणि बोलणं मोजकं. तिची एक रीत होती. मडक्यात ती कुणाचा हात जाऊ द्यायची नाही. गिऱ्हाइकानं आपलं भांडं मडक्यात बुडवलेलं तिला खपत नसे. करवंटीच्या लांब दांड्याच्या पळीनं स्वतः काढून वरून धार धरायची, थेंब सांडायची नाही. आम्हा पोरांना ती हावरट वाटायची, मापात मारते म्हणून पळी सोडत नाही, असं आम्ही म्हणायचो. वर तिच्या वाडीला कड्यातून बारमाही पाण्याची धार होती, आणि तिथे ती कोपरापर्यंत राख चोळून हात धुतल्याशिवाय म्हशीच्या धारेला बसत नसे, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीत उन्हाळ्यात धड धुतलेले हात बहुधा तिचेच असावेत.

मी मात्र आठवीपासून महाडला आत्याकडे शिकायला होते. आत्याच्या मोरीत नळ होता, कोनाड्यात लाल साबण होता, आणि हिवाळ्यात रविवारी ती आम्हाला जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर अंघोळीला न्यायची. तिथे जमिनीतून आपोआप वर येणारं कढत पाणी पाहिलं की मला आमच्या झिऱ्यावरच्या वाट्या आठवायच्या आणि त्यांची लाज वाटायची. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी हात कसे धुवावेत ते एकदा मांडून दाखवलं: तळवे, तळव्यांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. जुलाब, कावीळ, पटकी, जंत, सगळं या हातांवरून तोंडात जातं, त्या म्हणाल्या. माझ्या डोक्यात ते असं काही बसलं, की त्या दिवसापासून मी स्वतःला आमच्या गावची तारणहार समजू लागले. सुट्टीला घरी येताना माझ्या ट्रंकेत पत्र्याच्या डबीत साबणाची वडी असायची. घरी पाय ठेवला की मी सगळ्यांची नखं तपासायला सुरुवात करी. परातीच्या पाण्याला नावं ठेवी. गावात मला साबणबाई म्हणू लागले, आणि मी अशी मूर्ख, की मला तो सन्मान वाटला.

अशाच एका सुट्टीत मी ठकूमावशीला अंगणात अडवलं. "मावशी, आधी हात धू. साबण लावून. मग ताक दे."

"सकाळी धुतलंत गो. राख लावून."

"राखेनं काही होत नाही."

आई पडवीतून म्हणाली, "सुले, गप बस." पण आजूबाजूची पोरं गोळा झाली होती आणि मला चेव आला होता. ठकूमावशीनं मडकी खाली ठेवली आणि माझ्यापुढे दोन्ही हात धरले. मी हंड्यातून पाणी घेतलं, आई दात ओठ खात होती, आणि मी मोठमोठ्यानं सांगत होते, आता बोटांच्या मधे, आता नखं. माझ्या आईच्या वयाची बाई पहिलीतल्या पोरीसारखी माझ्या हुकुमानं हात चोळत होती. धुऊन झाल्यावर तिनं हात नाकाशी नेले आणि हसली. "फुलावानी वास येतो गो. आता म्हशी वळकायच्या नायत मला." सगळे हसले, तीही हसली. ती हसली म्हणून मला वाटलं, तिला काही वाटलं नाही. पुढे सरकारी प्रशिक्षणात शिकवलं गेलं, की साबण नसेल तेव्हा स्वच्छ राख चालते. त्या वर्गात मी मान खाली घालून वहीत लिहीत बसले होते.

विमलताईचं लग्न ठरलं ते वैशाखात, ऐन टंचाईत. मी तेव्हा सतरा वर्षांची. आबांनी दोन दिवस आधीपासून बैलगाडीनं पाणी आणून पिंपं भरली आणि त्या पिंपांवर अण्णाला राखणीला बसवला. प्रत्येक तांब्याचा हिशोब. मांडवाच्या तोंडाशी वऱ्हाडासाठी घंगाळ, पाट, पाटावर नवा कोरा पंचा आणि माझ्या डबीतली नवी कोरी साबणाची वडी. ही मांडणी माझी. वऱ्हाडातल्या बायका वडी उचलून वास घेत होत्या आणि मी आसपास घुटमळत होते, कुणीतरी विचारावं, हे कुणी केलं म्हणून. मी पहिल्यांदाच साडी नेसले होते, आंबा रंगाची, आत्यानं दिलेली. माझ्याकडे दोनच कामं होती. एक, वहिनीचा दीड वर्षाचा बाळू सांभाळायचा, कारण वहिनी चुलीपाशी अडकलेली. दुसरं, पंगतीला ताक द्यायचं. ठकूमावशी सकाळीच ते घेऊन आली होती, तिच्या सुनेला आणि जावेलाही मडकी देऊन. मोठ्या पातेल्यात ओतून, वर फडकं बांधून मला म्हणाली, "आता झाकून ठेव गो, हात नको लावू देऊ कुनाला." आणि रिकामी मडकी विसळायला गेली.

बाळूचं पोट तीन दिवसांपासून बिघडलेलं होतं. दात येताना पोरांना जुलाब होतातच, असं आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. पहिली पंगत बसली, भात वाढून झाला, आणि बाळूनं माझ्या कडेवर सगळं सोडलं. माझ्या साडीवर. मी त्याला घेऊन परसात पळाले. तिथे एक तांब्या पाणी होतं, एकच. त्यातलं थोडं बाळूच्या अंगावर घातलं. उरलेलं सगळं मी साडीवरचा डाग धुण्यात घालवलं. चोळचोळून डाग काढला, ओला भाग निऱ्यांत दडवला, आणि तांब्या उलटा केला तर त्यात थेंब नव्हता. साबण होता, पण पुढे मांडवात, पाटावर, सगळ्या वऱ्हाडाच्या नजरेसमोर. तो आणायला जायचं तर ओली साडी घेऊन पंगतीमधून जावं लागलं असतं. अण्णाकडे आणखी तांब्याभर पाणी मागायचं तर का हवं ते चारचौघांत सांगावं लागलं असतं. तेवढ्यात आईची हाक आली, "सुलेऽ, ताक! मानसं खोळंबलीत!" मी हात साडीच्या आतल्या बाजूला पुसले, बाळूला शेजारच्या काकीकडे दिलं आणि ताकाच्या पातेल्यापाशी गेले.

ताकात मीठ, जिरं, कोथिंबीर घालायची होती. घातली. मीठ खाली बसलं. मोठा डाव वरणाला गेला होता, ओगराळं तळाशी पोचेना. मी बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून ताक ढवळलं. चार-पाच वेढे दिले असतील, तेव्हा मला आठवलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, ज्यांना बाकीचं सांगितलं त्यांनाही नाही. मला अर्ध्यात आठवलं. हात ताकात होता आणि मला लख्ख आठवलं, की तो धुतलेला नाही. शाळेतल्या बाईंचा आवाज आठवला, यादीसकट. आणि मी तरीही ढवळत राहिले, कारण आता पातेलंभर ताक ओतून देणं कसं शक्य होतं, आणि कुणाला काय सांगायचं होतं, आणि एवढ्यानं काय होतंय. ज्या वाक्यासाठी मी गावातल्या म्हाताऱ्यांना टाकून बोलायचे तेच वाक्य मी स्वतःशी म्हटलं. मग ओगराळं घेऊन पंगतीत फिरले. नवऱ्याची आई म्हणाली, "ताक झ्याक झालंय. कुनी केलं?" मी म्हटलं, "मी."

तिसऱ्या दिवशी आमच्या गावात सहा-सात घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. ताईच्या सासरच्या गावात तर घरटी एक माणूस आडवं. आबांना झाले, वहिनीला झाले. मला नाही झाले, कारण मी ताक प्यायलेच नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी ताईचे चुलतसासरे आणि आणखी दोघे आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. चुलतसासरे पाणीही घेईनात. ताईच्या नणंदेची चार वर्षांची मुलगी महाडच्या दवाखान्यात होती, सलाईन लावलेलं. "पोर डोळं उघडत नाय," ते म्हणाले. "आनि बाया तर बोलाय लागल्यात, नवी नवरी पायगुनाची नाय. उंबरा वलांडला आनि घर आडवं झालं. आमी काय तोंड दाखवायचं?"

आबांचा चेहरा उतरला. ते अजून अशक्तच होते, खांबाला धरून उभे. मग अंगणातच मोजदाद सुरू झाली. भात सगळ्यांनी खाल्ला, बुंदी सगळ्यांनी खाल्ली. आजारी पडले ते ताक प्यालेले. ज्यांनी ताकाला हात लावला नाही, ते ठणठणीत. पाहुण्यांनी विचारलं, "ताक कुनाचं व्हतं?" आणि नेमकी त्याच वेळी वेशीवरून हाक आली, "ताक गोऽऽ."

तिला बोलावून अंगणात उभी केली. चुलतसासरे तिच्यावर ओरडले, तुझं ताक नासकं होतं, तू घाण पाजलीस. ठकूमावशी मडकी डोक्यावरच ठेवून म्हणाली, "सकाळचं ताजं व्हतं. त्याच ताकातलं माज्या घरात पेलेत, नातवंडं पेलीत. कुनाला काय नाय झालं."

आबा माझ्याकडे वळले. "सुले, तू शिकलेली हायस. तूच सांग, काय झालं आसंल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ताई दिसत होती, त्या परक्या घरात, अशुभ पायाची म्हणून कोपऱ्यात बसवलेली. हे कारण खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मला त्याहून जास्त स्वतःची अब्रू दिसत होती. साबणबाईची. मी म्हटलं, "ती हात धूत नाही. मी एकदा तिला सगळ्यांसमोर धुवायला लावले होते."

एवढंच. आणि सगळ्यांना ते आठवलं. हो, लावले होते, आम्ही होतो तिथं, पोरं म्हणाली. माझी ती जुनी मिजास आता पुरावा झाली. आबांनी पुढे होऊन तिची मडकी उतरवली आणि आमच्या अंगणात पालथी केली. पांढरं ताक शेवग्यापर्यंत वाहत गेलं. ठकूमावशीनं माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. तिनं मडकी उचलली आणि ती गेली.

मुलगी आठ दिवसांनी बरी होऊन घरी आली. ताईच्या पायगुणाचा विषय संपला, तिचा संसार लागला. ठकूमावशीचं ताक मात्र बंद झालं. आमच्या गावात, मग शेजारच्या गावात, मग पोलादपूरच्या बाजारातही, कारण बाजारात अशी बातमी पोचायला वेळ लागत नाही. पुढच्या उन्हाळ्यात वेशीवर हाक आली नाही. तिनं दोन म्हशी विकल्याचं आणि तिचा मुलगा मुंबईला हॉटेलात कामाला गेल्याचं कानावर आलं. आई एकदा पिठलं-भाकरी वाढताना म्हणाली, "ताक असतं तर." आणि थांबली. आईला खरं काय ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

इथवर तरी मी एक घाबरलेली पोर होते, असं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही. बाविसाव्या वर्षी मला अंगणवाडीत नेमणूक मिळाली. आसपासच्या वाड्यांत बायका जमवायच्या आणि आरोग्याचं सांगायचं, त्यात हात धुणं पहिलं. नुसतं सांगितलं तर बायका जांभया द्यायच्या. मग एकदा मी बोलता बोलता म्हणून गेले, "एका गावात एक ताकवाली होती. हात न धुता ताक घुसळायची. एका लग्नात..." आणि बायकांच्या जांभया थांबल्या. चार वर्षांची मुलगी सलाईनवर, इथे मी आवाज हळू करायचे. गोष्ट संपली की बायका आपणहून उठून हात धुवायच्या. मी ती गोष्ट पुन्हा सांगितली, आणखी पुन्हा सांगितली, सांगता सांगता घोटून गुळगुळीत केली. नाव मी घेत नसे, तेवढं सौजन्य माझ्यात होतं. पण आमच्या खोऱ्यात ताकवाली म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. तपासणीला आलेल्या वरच्या बाई गोष्ट ऐकून म्हणाल्या, "तुम्ही छान पटवून देता." आणि मला वरच्या वाड्यांचंही काम दिलं.

परवा माझा नातू मला बेसिनपाशी उभी करून म्हणाला, "आजी, वीस मोजेपर्यंत चोळायचे." साथीच्या त्या दोन वर्षांपासून त्याला ती सवय लागली आहे. मी इतके हात धुते की माझ्या बोटांची कातडी हिवाळ्यात फाटते. सून म्हणते, आईंना स्वच्छतेची फार आवड. निवृत्तीच्या वेळी मला शाल आणि नारळ दिला तेव्हाही भाषणात तेच म्हणाले होते.

तर, वरच्या वाड्यांचं ते काम मिळालं तेव्हा मला धनगरवाडीवर जावं लागलं. दीड तासाचा चढ. वर पोचले तेव्हा कड्यातली धार दगडाच्या पन्हाळीतून पडत होती, आमच्या गावानं कधी पाहिलं नसेल इतकं पाणी. पहिल्याच घरात एका लहान पोराला जुलाब होत होते, मला कुणीतरी आत बोलावलं, आणि अंधाराला डोळे सरावले तेव्हा समोर ठकूमावशी बसलेली. वाळली होती. मी पिशवीतून साखर-मीठ काढलं आणि तांब्याकडे हात नेला.

"थांब," ती म्हणाली. "आदी हात."

मी बाहेर धारेपाशी गेले. ती मागून आली आणि मी हात धूत असताना बाजूच्या दगडावर टेकली. मी वर बघत नव्हते.

"त्या दिशी मी रिकामी मडकी विसळून तुमच्या परसाकडनं येत व्हते," ती म्हणाली. "तू साडी धूत व्हतीस. तांब्या सरला तशी हात पुसून पळालीस. मी बघितलं."

माझ्या हातावरून पाणी वाहत राहिलं. मी कसंबसं म्हटलं, "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलनार? तुजी भन तितं नवी नवरी. आदीच पायगुनावर आलं व्हतं. तिच्याच भनीनं घान कालवली असं म्या म्हटलं असतं, तर नांदवली असती तिला? आनि माजं ऐकलं असतं का कुनी?" मग तिचा आवाज चढला. "पन तू त्याची गोष्ट करशील, गावोगाव जाऊन सांगशील, हे नव्हतं मला ठावं. माज्या सुनंच्या माहेरी जाऊन सांगितलीस तू. पोर रडत आली घरी."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग म्हणाली, "आता तुज्या भनीला दोन पोरं झाली. आता तिला कोन हाकलीत नाय. आता सांग. तुज्याच अंगनात. जितं बोललीस तितंच सांग." मी हो म्हटलं. मग तिच्या नातवाला साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजलं, सुनेला कसं करायचं ते दाखवलं आणि उतरले.

मी सांगितलं. माझ्या बाजूनं बोलण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे. आठ दिवसांनी आमच्या अंगणात बायकांची बैठक होती, वीस-पंचवीस बायका, पडवीत आई तांदूळ निवडत बसलेली. मी गोष्ट सुरू केली तशी पुढची एक म्हणाली, "म्हायीत हाय बाई, ती धनगरीन." मी म्हटलं, "नाही. तिचे हात धुतलेले होते. ताकात हात मी घातला होता. बाळूचं धुऊन तसाच."

शेजारची काकी हसली. "काय तरीच तुजं! तू आनि हात न धुता?" बाकीच्याही हसल्या. मी पुन्हा सांगितलं, परसातला तांब्या, साडी, सगळं. तेव्हा एक म्हातारी हळहळून म्हणाली, "बग, किती मोठं मन. त्या गरिबाचं पाप आपल्या अंगावर घेते पोर." आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "लहानपनापास्नं तशीच हाय ती. सगळं मनाला लावून घेती." आणि बायका माझ्याकडे अशा प्रेमानं बघू लागल्या, की तिसऱ्यांदा सांगायला माझं तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आपण सांगितलं, आता त्यांना पटत नाही त्याला आपण काय करणार. आयुष्यात लाज वाटण्यासारखं मी बरंच केलं, पण त्या सुटकेची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या ताकाचीही वाटत नाही.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा वर गेले. नातू बरा झाला होता, अंगणात खेळत होता. ठकूमावशी शेणी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मंग?"

"कुणाला पटलंच नाही, मावशी. दोनदा सांगितलं मी."

तेव्हा तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे वर बघितलं, आणि या वेळी मला नजर खाली घालता आली नाही.

"आनि माजं नाव घेतलंस," ती म्हणाली, "तवा किती येळा सांगावं लागलं व्हतं गो?"

"एकदाच," मी म्हटलं.